चूल, पगार आणि रविवार



या मालेत याआधी ज्यांनी व्याख्याने दिली ते अभ्यासक होते. मी एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा मला विचारले, तेव्हा मी म्हटले, "काका, माझ्याकडे सांगण्यासारखे काय आहे?" ते म्हणाले, "तू मराठी आहेस, ख्रिस्ती आहेस, बत्तिशीतला आहेस आणि कामरेजला राहतोस. या चारही गोष्टी एका माणसात कशा राहतात ते सांग." तोच आजचा विषय. भाषण छापले जाणार असल्याने लिहून आणले आहे. जे आज इथे आहेत आणि जे पुढे हे पान उघडतील, त्या दोघांशीही मी बोलतो आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करतो. कामरेज म्हटले की आज चार रस्ता, हायवेवरचे ट्रक आणि उभ्या राहणाऱ्या सोसायट्या डोळ्यांपुढे येतात. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या वाटेवर 'कम्मोनी' नावाचे गाव येते, आणि ते आपले कामरेज असावे असे पुरातत्त्वज्ञ मानतात. इथे २००३ साली उत्खननही झाले. म्हणजे परका माणूस इथे पहिल्यांदा आला तो आपल्या कोणाच्या आजोबांच्या काळात नव्हे. पुढे गायकवाडांच्या राज्यात कामरेज नवसारी प्रांतात होते. आपल्यातल्या काही घराण्यांचे मूळ त्या चाकरीत आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात वेगळा झाला, आणि आपण घर न बदलता दोनदा राज्य बदलले. आपण बाहेर गुजराती बोलतो आणि उंबऱ्याच्या आत मराठी. हे दोन पदरी जगणे तुम्हाला समजावून सांगायला नको. माझ्या जगण्याला त्यात आणखी एक पदर आहे, इतकेच.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून सूरतला गिरणीत आले. त्यांचे वडील ख्रिस्ती होते. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली सुरू झाले, त्या मंडळीत आमचे घराणे वाढले. आमच्या घरी नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा फराळ असतो. मोठ्यांना आम्ही 'सलाम' म्हणतो. आजी रात्री दिवा मंद करून पवित्र शास्त्र वाचायची आणि मग अभंग म्हणायची. पुष्कळ लहान असताना मला वाटायचे की अभंग ही ख्रिस्ती लोकांचीच गोष्ट आहे. शाळेत तुकारामांचा धडा आला तेव्हा मी घरी येऊन विचारले होते, "आजी, तुकाराम कोणत्या मंडळीतले?"

आजी हसली. ती म्हणाली, "आपले टिळक त्यांच्या वाटेने चालत आले बाळा." हे 'आपले टिळक' म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. तुम्ही त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखता. आमच्या उपासनेच्या पुस्तकात त्यांची गीते पानोपानी आहेत. आजीकडे 'स्मृतिचित्रे'ची एक जुनी प्रत होती, पाठ सुटलेली, सुईदोऱ्याने शिवलेली. मला ती वारशात मिळाली. आज जे बोलणार आहे त्याचा आधार ती प्रत आणि माझा हिशेबाचा टेबल, एवढाच आहे.

टिळकांची गोष्ट सांगताना लोक आगगाडीपासून सुरू करतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, आणि त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाल्याचे सांगतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते, जवळपास माझ्या वयाचे. गोष्ट म्हणून हे फार देखणे आहे, आणि आमच्या मंडळीत ही गोष्ट नेहमी इथेच संपते. पण घरात खरी गोष्ट तिथून सुरू झाली, आणि ती लिहिली लक्ष्मीबाईंनी.

लक्ष्मीबाई त्या वेळी सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरी लहान मुलगा. नवऱ्याने धर्म बदलला ही बातमी त्यांच्यावर कोसळली. त्या नातलगांसोबत पंढरपूरला राहिल्या. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके टोकाचे होते की त्याच्या हकिगती वाचताना आज हसू येते आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटते. अशा घरात वाढलेल्या बाईला कोणी सांगितले की तुझा नवरा आता कोणाच्याही हातचे पाणी पितो, तर तिच्या लेखी नवरा जिवंतपणीच गेलेला असतो. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या. आल्या त्या नवऱ्यासाठी, नवऱ्याच्या देवासाठी नव्हे. तिथेही त्यांनी आपले खाणेपिणे वेगळे ठेवले. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि संसार एक. कल्पना करून पाहा, त्या घरातले पाण्याचे भांडे कोणी कुठे ठेवायचे, यावर दिवसातून किती वेळा विचार करावा लागत असेल!

आणि मग बदल झाला तो कसा? कुठल्याही प्रवचनाने झाला नाही. राहुरीला असताना एका रात्री त्या स्वतःशीच विचार करत होत्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा फरक माणसामाणसांत दिसला असता. म्हणजे हे माणसाचे काम. एकदा हे पटले आणि त्यांनी ठरवले, आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मीबाई आधी सगळ्यांसोबत जेवायला बसल्या आणि मग देवळात गेल्या.

'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली छापला गेला. या पुस्तकात धर्मशास्त्रावर वादविवाद जवळजवळ नाहीत. आहे ते वाणसामान, उधारी, आजारपण, भांडण, आणि हसणे. टिळकांना घरात काही नाही म्हणून बाजारात पाठवावे आणि त्यांनी सामानाऐवजी एक सुंदर दौत घेऊन यावे, हा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. ख्रिस्ती झाल्याने माणसाचा स्वभाव बदलला नाही, चूल तशीच अडून राहिली, हे लक्ष्मीबाई इतक्या मोकळेपणाने सांगतात की वाचणाऱ्याला त्यांच्या श्रद्धेवर विश्वास बसतो. मी मोठ्या मोठ्या साक्षी ऐकल्या आहेत. त्या दौतीइतकी पटलेली साक्ष दुसरी नाही.

चुलीचाच आणखी एक प्रसंग, दुसऱ्या बाईचा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. वय पंचवीस. तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, प्रेम दिले होते. तरीही रमाबाईंनी मांसाहार सुरू केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह त्यांनी धरला. यावरून त्यांचे आणि त्यांना शिकवणाऱ्या भगिनीचे पत्रांतून चांगलेच खटके उडाले. त्या भगिनीला वाटले, हा गर्व आहे, जुन्याचा मोह आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की मी ख्रिस्ताकडे आले आहे, इंग्लंडकडे नाही. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभे केले. १९०० सालच्या दुष्काळात, ज्याला आपल्या गुजरातेत छप्पनियो म्हणतात, त्यांनी इकडच्या मुलीही केडगावला नेऊन वाचवल्या. उपाशी मुलीला आधी जेवण दिले. हे सगळे करणारी बाई स्वतःच्या ताटाबद्दल मात्र कोणाचे ऐकत नव्हती.

म्हणजे बघा, लक्ष्मीबाईंना सोवळे सोडावे लागले आणि रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. दोघींचे निर्णय उलट दिसतात, पण प्रश्न एकच होता. मी कोणाच्या सांगण्यावरून हे करते आहे? लक्ष्मीबाईंचे सोवळे दुसऱ्या माणसाला दूर ठेवत होते, म्हणून ते गेले. रमाबाईंचा शाकाहार कोणाला दूर ठेवत नव्हता, म्हणून तो राहिला. तरुण ख्रिस्ती माणसाला रोज हीच निवड करावी लागते. यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लिहिलेले नसते.

आता माझ्या टेबलाकडे येतो.

आपल्या सूरत जिल्ह्यात हिशेब लिहिणाऱ्याचे वर्ष दिवाळीला सुरू होते. लक्ष्मीपूजनाला चोपडापूजन. हल्ली वह्या नावापुरत्या असतात, म्हणून संगणकालाही कुंकू लागते. दसऱ्याला मशीनची पूजा. शेठ आरतीचे ताट पुढे करतात, नंतर पेढे वाटतात. पहिल्या नोकरीत मी तेवीस वर्षांचा होतो. आमच्या मंडळीत काही जण म्हणतात, असा प्रसाद घेऊच नये. काही म्हणतात, मूर्ती म्हणजे काही नाही, मग पेढा हा पेढाच. वाद नवा नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हाच विषय आहे. पौल अखेर मोजतो ते एवढेच, की माझ्या खाण्याने माझ्या भावाला ठेच लागते का.

मी तेव्हा काय केले? मी पेढा घेतला. त्यात मला चूक वाटत नाही, आजही. चूक दुसरीकडे झाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारले, "तमे मराठी एटले कया? तुमच्याकडे लक्ष्मीपूजन कसे करतात?" मी म्हटले, "आम्ही नगरचे. साधेच असते." वाक्य खोटे नव्हते. नगरचे आम्ही आहोतच. पण त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या शास्त्रात पेत्राची गोष्ट आहे. प्रभूला पकडून नेले आहे, थंडी आहे, अंगणात शेकोटी पेटवली आहे, आणि एक दासी पेत्राला विचारते, तू त्याच्याबरोबरचा ना? तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. तिथे तलवार नव्हती, राजा नव्हता. शेकोटी होती आणि एका दासीचा साधा प्रश्न होता. माझ्या बाबतीत तेवढेही नव्हते. पेढ्याचा खोका होता.

असे मी किती दिवस केले? पाच वर्षे. उत्तम शुक्रवारची रजा "गावी काम आहे" म्हणून घ्यायची. नाताळला कार्यालयात फराळ न्यायचा नाही, कारण मग कशाचा म्हणून सांगावे लागेल. माझे नाव आणि आडनाव ऐकून कोणाला संशय यायचा नाही. हे सोयीचे होते. ही सोय मला कोणी दिली नव्हती, मी घेतली होती. घर भाड्याने शोधताना मात्र तिची किंमत कळली. एका सोसायटीत सगळे ठरले, चावी हातात येणार, आणि घरमालकिणीने बायकोला सहज विचारले, "तुमचे देवघर कुठल्या भिंतीला लावणार?" बायकोने सरळ सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, घर भाचीसाठी लागणार आहे. मला त्या घरमालकिणीचा राग आला. मग लक्षात आले की पाच वर्षांत जे मला जमले नाही ते माझ्या बायकोने एका वाक्यात केले होते.

पगाराची गोष्टही याच काळातली. व्यापारात दोन नंबरचे काय काय चालते, ते या सभागृहात मी सांगायला नको. जो माल आलाच नाही त्याचे बिल खात्यात घ्यायचे, म्हणजे कराची वजावट मिळते. एका महिनाअखेरीला तसे एक बिल माझ्या टेबलावर आले. शेठ काही वाईट माणूस नव्हता. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला त्याने उचल दिली होती, ती अजून फिटायची होती. मी बिल घेतले. नोंद केली. सही केली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. सूरतेत आम्ही ज्या देवळात जातो तिथली उपासना गुजरातीत असते. गीते गुजराती, प्रार्थना गुजराती, आणि मनात जे चालते ते मराठी. पाळकाने भाकर मोडली, लोक रांगेने पुढे जाऊ लागले. मला उठता येईना. आमच्यात सांगितले आहे की आधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीला हात लावावा. बायको उठली, पुढे गेली, परत आली. तिने काही विचारले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की माझ्या श्रद्धेचा आणि माझ्या टेबलाचा संबंध आहे. तोवर मला वाटत होते, रविवार देवाचा आणि बाकीचे सहा दिवस शेठचे.

सोमवारी शेठला म्हटले, "यापुढे अशी नोंद मी करणार नाही. बाकी काम दुप्पट सांगा." त्यांनी ओरडा केला नाही. ते काम दुसऱ्या मुलाकडे गेले. त्या वर्षी सगळ्यांचा पगार वाढला, माझा वाढला नाही. उचल फेडली आणि मग नोकरी बदलली. यात शौर्य नाही. आधीची सही अजून त्या वहीत आहेच. ती खोडता आलेली नाही, आणि म्हणून हे सांगताना मी कोणालाही शिकवायच्या जागी उभा नाही.

पगाराचा हा प्रश्न टिळकांनाही सुटला नव्हता. ते नगरला मिशनच्या शाळेत शिकवत, धर्मगुरू म्हणून दीक्षाही घेतली होती, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन केले. मिशनचा पगार होता. आणि लोक म्हणत, पगारासाठी ख्रिस्ती झाला. हे वाक्य आजही ऐकू येते, फक्त पगाराऐवजी तांदूळ म्हणतात. टिळकांना ते फार लागले असावे. १९१७ साली त्यांनी पगारी नाते सोडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे एकत्र यावेत, अशी कल्पना होती. वय पंचावन्न, तब्येत ठीक नाही, आणि घरात पैशाची नेहमीचीच ओढाताण. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबार फार वाढला नाही. हिशेबनीस म्हणून बघितले तर हा तोट्याचा व्यवहार होता. पण मला त्यांचा हा निर्णय आगगाडीतल्या भेटीपेक्षा मोठा वाटतो. ती भेट त्यांना मिळाली होती. हे त्यांनी स्वतः केले.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ख्रिस्ती घरातले झाले. आम्हाला यात काय? त्याच्यासाठी टिळकांच्या घरातल्या एका पाहुण्याची आठवण करून देतो.

सूरतहून तापी लाइनने जळगावकडे निघालात तर अमळनेर सोडल्यावर धरणगाव स्टेशन येते. इथे बसलेल्या निम्म्या खानदेशी घरांची ती पायवाट आहे. त्या धरणगावचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले, तिथे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती घरी राहतो म्हटल्यावर लोक काय बोलले असतील ते तुम्ही ओळखा. आता बाटणार, असेच. तो बाटला नाही. हिंदू म्हणून आला आणि हिंदू म्हणूनच १९१८ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेला. पण त्या घरात तो जेवला, रुसला, कविता लिहिल्या. मराठी कवितेला त्यातून काय मिळाले ते या मंडळाला मी काय सांगू.

त्या घरी दोन्ही बाजूंनी विश्वास होता. टिळकांनी त्याला आपला केला, पण आपल्यासारखा केला नाही. आणि ठोमरेच्या घरच्यांनी लोकांच्या बोलण्याला न जुमानता मुलाला तिथे राहू दिले. धर्मांतराची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील या शंकेने १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या होत्या, आणि त्या पालकांची काळजी मला समजते. माझी मुलगी उद्या माझ्यापासून दूर जाईल या विचाराने मलाही भीती वाटते. एवढेच म्हणतो, की भीती वाटली तरी जेवणाचे ताट मागे घेता येत नाही. ताट मागे घेतले की पुढचे बोलणे संपते.

आणि मागणे फक्त तुमच्याकडे नाही, माझ्या लोकांकडेही आहे. आमच्यातले काही तरुण अभंग सोडत आहेत, मराठी नावे ठेवायला लाजत आहेत, आणि शेजाऱ्याच्या दिव्याकडे पाठ फिरवण्यालाच श्रद्धा समजत आहेत. त्यांना मी टिळकांची गीते म्हणायला सांगतो. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, तेही ओव्यांत. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्र्याला जी भाषा पुरेशी वाटली, ती आपल्याला अपुरी का वाटावी? ज्यांना ती आईकडून मिळाली त्यांनी ती फेकून देणे हे माझ्या लेखी कृतघ्नपणाचे आहे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले. मराठीने आपल्याकडे पाठ फिरवलेली नाही. आपणही तिच्याकडे फिरवू नये.

शेवटी, नव्या नोकरीतली पहिली दिवाळी सांगतो आणि थांबतो.

या वेळी मी आधीच ठरवले होते. चोपडापूजनाच्या सकाळी शेठच्या केबिनमध्ये गेलो. म्हटले, "शेठ, एक सांगायचे आहे. मी ख्रिस्ती आहे. पूजेची सगळी तयारी मी करून देईन, आरतीला उभा राहीन, पण हात जोडणार नाही. पेढा मात्र घेईन." शेठ सौराष्ट्रातले, कपाळाला टिळा लावणारे, सकाळी दर्शन घेतल्याशिवाय पाणी न पिणारे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ही नोकरीही गेली. ते म्हणाले, "तो पछी बे लई ले." मग दोन घे.

त्या नाताळला मी पहिल्यांदा करंज्यांचा डबा कार्यालयात नेला. शेठने उघडून विचारले, "आमां ईंडुं तो नथी ने?" अंडे नाही ना? मी म्हटले, "नाही शेठ, आईच्या हातच्या आहेत, दिवाळीला करता तशाच." त्यांनी एक उचलली, खाल्ली, आणि दुसरी रुमालात बांधून घरी नेली.

एवढेच झाले. यातून काही क्रांती झाली नाही. पण लक्ष्मीबाईंच्या त्या राहुरीच्या रात्रीनंतरची सकाळही अशीच असणार, असे मला वाटते. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसले नसेल. एका बाईने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले, इतकेच.

येत्या डिसेंबरात आमच्या घरी फराळ असेल. घर चार रस्त्यापासून दहा मिनिटांवर आहे, पत्ता चिटणीसकाकांकडे आहे. तुम्ही याल तेव्हा सोवळ्यातले कोणी असतील तर त्यांच्यासाठी फळे वेगळ्या टोपलीत ठेवू. रमाबाईंना मान दिला तसा तुम्हालाही देऊ. पण या. आणि आल्यावर मोकळेपणाने विचारा, तुम्ही कोण म्हणून. आता मी उत्तर देईन.

सर्वांना सलाम.